बाहेरून कुलूप

जमीन हलली तेव्हा शांताबाई वरच्या मजल्यावरच्या माणिकला शिव्या घालत होत्या.

त्यांची तरी काय चूक? माणिकने दिवाळीपासून स्वयंपाकघरातल्या लाद्या फोडायला काढल्या होत्या, आणि त्या फोडून काही संपत नव्हत्या. सहदेव जाऊन आज वर्ष झालं, घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, आजच्या दिवस तरी हातोडा झाकून ठेव बाई, असं शांताबाई तिला दोनदा वर जाऊन सांगून आल्या होत्या. आणि पावणेअकराला, नवऱ्याच्या फोटोपुढे मेणबत्त्या मांडत असताना पायाखालची फरशी थरथरली. फोटो खिळ्यावर डावीकडे झुकला, मग उजवीकडे.

"लाज सोडलीस का गं सगळी?" त्या छताकडे बघून ओरडल्या. "माझं माणूस गेलं आणि तुला लाद्या सुचतात!"

"आई, लाद्या नाहीत त्या." जावई सुयोग खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि पुन्हा बसावं की पळावं हे त्याला कळत नव्हतं. "बिल्डिंग हलतेय. भूकंप आहे हा!"

"भूकंप? घाटकोपरात?"

पण तेवढ्यात विशालने नऊ वर्षांच्या स्वरदाला उचललंसुद्धा होतं. पोरीचे लांब पाय त्याच्या गुडघ्यांवर आपटत होते. जानकी एकाच पायात चप्पल घालून जिन्याकडे धावली, तिच्या मागे सुयोग. शेवटी शांताबाई. घरचं मोठं माणूस शेवटी निघतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी त्या शेवटी निघाल्या. सेफ्टी डोअर ओढून घेतलं, कडी घातली, कडीत कुलूप अडकवलं, दाबलं. किल्ली कमरेला. सगळं मिळून दोन श्वासांचं काम.

हे हाताचं काम होतं, डोक्याचं नव्हे. मानखुर्दच्या झोपडीत असताना एकदा 'आग, आग' म्हणून सगळी गल्ली बाहेर पळाली होती. आग तीन गल्ल्या पलीकडे होती. परत येऊन बघतात तर स्टोव्ह गेला, पितळेची दोन पातेली गेली, आणि विशालचे शाळेचे नवे बूट, जे अजून त्याने घातलेही नव्हते, तेही गेले. त्या दिवसापासून शांताबाईंचं घर कधी उघडं राहिलं नाही. समोरच्या दारात मीठ मागायला गेल्या तरी कुलूप. सहदेव हसायचा, "शांते, उद्या मला न्यायला यम आला तर त्यालाही बाहेर थांबायला लावशील तू." गेल्या वर्षी त्याला न्यायला अँब्युलन्स आली, तेव्हाही स्ट्रेचर जिन्यात थांबवून बाईंनी कुलूप लावलं होतं.

तीन जिने उतरेपर्यंत हलायचं थांबलं होतं.

खाली कॉलनीच्या मैदानात जत्रा भरली होती. कुणी बनियनवर, कुणी तोंडाला साबण. माणिक हातात कुकर घेऊन उभी होती, शिट्टीसकट.

"शांताबाई, मी नाही हो!" ती लांबूनच ओरडली. "माझा मिस्त्री आज आलाच नाही!"

"मग आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशिवाय हलली म्हणायची बिल्डिंग."

लोक हसले. घाबरलेल्या माणसांना हसायला फार थोडं पुरतं. आणि शांताबाईंना आपल्या बोलण्यावर लोक हसलेले आवडायचे. नाक थोडं वर झालं. दुसऱ्या बिल्डिंगची पोरं मोबाईल वर करून, "झकास यार, भूकंप झाला आपल्याकडे," म्हणून व्हिडिओ काढत होती. कुणी म्हणालं मेट्रोचं काम असेल, कुणी म्हणालं खाडीपलीकडे सुरुंग लावला असेल. कुणालाच भूकंप ओळखता येत नव्हता, कारण कुणीच तो आधी बघितला नव्हता.

सहदेवने बघितला होता. तो पाटणकडचा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दहा वर्षांचा. त्याच्या आईने पडलेल्या घराकडे पाठ करून अंगणात पोरं मोजली होती, एकदा, दोनदा, तीनदा, आणि दर वेळी एक कमी भरलं होतं. "धरणी हलली की आधी माणसं मोजायची शांते, घर मागून," असं तो सांगायचा. शांताबाई म्हणायच्या, "मुंबईत कसली हलते धरणी? इथं सगळी भरावाची माती." तो गप्प बसायचा. बायकोशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

आज त्यांना ते आठवलं. दुसरीत शाळा सुटलेली, पण पेरांवरची मोजणी कधी चुकली नव्हती. अंगठा पेरांवर फिरला. विशाल. स्वरदा. जानकी. जावई. मी. पाच.

"आई, सगळे आहेत ना गं?" विशालने विचारलं. स्वरदाला खाली ठेवून तो अजून धापा टाकत होता.

"आहेत. मोजलेत मी."

त्याने मान हलवली. आईने मोजलंय म्हटल्यावर या घरात कुणी पुन्हा मोजत नसे.

"मम्मी कुठंय?" स्वरदा म्हणाली.

"असेल की इथंच," शांताबाई म्हणाल्या.

"गेटपाशी असेल फोनवर," जानकीने जोडून दिलं. चेंबूरहून दर रविवारी आईकडे येणारी लेक ती, भावजयीबद्दल तिच्याकडे कधी शब्दांची तूट नव्हती. "वहिनीला फोन असला की भूकंप पण नको आणि नवरा पण नको."

शांताबाई हसल्या. हे हसू पुढे त्यांना कितीतरी वेळा आठवलं. भूकंप विसरला, लोकांचे चेहरे विसरले, हे हसू राहिलं.

तेव्हाच वरून आवाज आला. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा. एकदा, मग थांबून पुन्हा.

मैदानातली सगळी माणसं वर बघायला लागली. तिसऱ्या मजल्यावर, शांताबाईंच्या गॅलरीच्या जाळीमागे दर्शना उभी होती. अंगात गाऊन, तोही ओल्या अंगावर कसाबसा चढवलेला. केसांतून पाणी गळत होतं. हातात स्टीलचा तांब्या होता, तो तिने जाळीवर आपटला होता. ती ओरडत नव्हती. नुसती खाली बघत होती, एकेकाकडे, जणू तीही मोजत होती.

"अगंबाई," माणिक म्हणाली. "सुनेला कोंडून आलात का काय शांताबाई?"

या वेळी कुणी हसलं नाही.

"किल्ली," विशाल म्हणाला. आवाज असा होता की शांताबाईंनी तो याआधी फक्त बाहेरच्यांशी बोलताना ऐकला होता. त्यांचा हात कमरेकडे गेला, पण बोटांना किल्ली सापडेना. शेवटी त्यानेच ती ओढून घेतली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत गेला.

शांताबाई मागून चढल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांना थांबावं लागलं. दम लागला म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ती अंघोळीला गेली होती, हे त्यांना आत्ता उमगलं. पहाटे पाचपासून ओट्याशी उभी होती. चाळीस माणसांच्या पुऱ्या, मटकी, खीर. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, जावयाचं पाणी झालं, जानकीने केस धुतले, मग तिचा नंबर लागला. शांताबाईंनीच तर सांगितलं होतं, "आधी हातातलं आवर, मग जा." आणि न्हाणीघरात पाण्याच्या आवाजात तिला आधी काही कळलं नसेल. कळलं तेव्हा घर रिकामं. दाराला बाहेरून कुलूप. आणि पायाखाली जमीन हलतेय.

वर पोचल्या तेव्हा दर्शना सोफ्यावर बसली होती, स्वरदा तिच्या कुशीत. विशाल समोर उकिडवा बसून तिचा हात धरायला बघत होता. ती धरू देत नव्हती.

"अगं, आईने सांगितलं सगळे आहेत..."

"तुम्ही उतरलात ना पण?" दर्शना म्हणाली. "तीन जिने उतरलात. एकाही जिन्यावर मी आठवले नाही?"

उत्तर नसलेला पुरुष रागावतो, आणि राग काढायला आई दारातच उभी होती.

"किती वेळा सांगितलं तुला, ते कुलूप लावू नकोस म्हणून! घर म्हणजे काय बँक आहे? काय चोरणार होतं कुणी?"

"आईवर नको ओरडूस, विशू," जानकी मध्ये पडली. "चूक झाली. कुणाच्या हातून होत नाही? आणि वहिनी तरी, हाक नाही का मारायची?"

"हाक मारली मी, ताई." दर्शनाने वर बघितलंही नाही. "तुम्ही जिन्यात 'आई गं, आई गं' करत होतात, त्यात ऐकू आली नसेल."

सुयोग खिडकीबाहेर बघायला लागला. जावयाची जात, कुठे बघायचं ते बरोबर कळतं.

शांताबाईंनी तोंड उघडलं. मनात होतं ते साधं होतं. पण त्यांची जीभ साठ वर्षं एकाच वळणाने गेलेली, ती आजही त्याच वळणाने गेली. "झालं ना आता? काही पडलं नाही, कुणी मेलं नाही. पाहुणे यायचेत. घर मोडायला बसलेल्यांना तेवढंच निमित्त मिळालं."

'घर मोडणारी' हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता. मुलुंडला भाड्याचं घर बघणं चाललंय, सून माझ्या पोराला घेऊन वेगळी निघाली, हे शांताबाईंनी गेले सहा महिने कॉलनीतल्या प्रत्येक कट्ट्यावर सांगितलं होतं. दर्शनाची लॅब मुलुंडला. जवळ पडतं म्हणून तिने नवऱ्याच्या कानात फुंकर घातली, असा त्यांचा पक्का हिशेब.

विशाल हळूहळू उभा राहिला.

"कोण मोडतंय घर, आई?"

"विशाल, नको," दर्शना म्हणाली.

"नाही, ऐकू दे आज. मुलुंडचं घर मी बघितलंय. मी. सहा महिने मी हिच्या मागे लागलोय, चल, आपण जाऊ, मला रोज घरात पाय टाकताना छातीत धस्स होतं. आणि ही मला म्हणते, बाबा गेल्यावर आई एकट्या पडतील. वर्ष तरी होऊ दे. ही थांबवतेय, आई. तुझ्यासाठी."

शांताबाई जावयाकडे बघायला लागल्या, मग जानकीकडे. जानकीने नजर चुकवली. म्हणजे लेकीला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. माहीत असून दर रविवारी चहाच्या कपाबरोबर तीच आगीत तेल ओतत होती.

दर्शनाने स्वरदाला बाजूला केलं आणि उठली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळला.

"वर्ष आज झालं," ती म्हणाली. "त्या घरवाल्यांना फोन करा. चारला येतो म्हणावं, बघायला."

मग ती साडी नेसायला आत गेली आणि दार लावून घेतलं.

कार्यक्रम व्हायचा तसा झाला. बौद्धाचार्य आले, पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे यांनी खोली भरली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांनी हात जोडलेले होते आणि सगळे भूकंपाबद्दल कुजबुजत होते. तुमच्याकडे पंखा हलला का? आमच्याकडे तर फ्रिज चालत आला. बातम्यांत म्हणे केंद्र फार लांब होतं, इथं फक्त त्याचं शेपूट लागलं.

मग बौद्धाचार्य म्हणाले, "सहदेवरावांबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. आई, आपण?"

शांताबाई उठल्या. भिंतीला टेकून दर्शना उभी होती, पांढरी साडी, केस अजून ओलेच. शांताबाईंच्या डोक्यात जिन्यापासून एकच वाक्य घोळत होतं. मी माझ्या सुनेला कोंडून खाली गेले, आणि पाच मोजून मला पुरे वाटले. एवढं चाळीस माणसांसमोर म्हटलं असतं तर काही गोष्टी थांबल्या असत्या. हे त्यांना कळत होतं. चारला निघणारी माणसं कदाचित थांबली असती. ज्या तोंडाने कॉलनीभर सांगितलं, त्याच तोंडाने परत घेतलं असतं.

"आमचे हे," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

लोकांना वाटलं बाईंना भरून आलं. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. माणिकने सांत्वनाला मान हलवली. तिच्या त्या मान हलवण्याने शांताबाईंच्या पाठीचा कणा पुन्हा ताठ झाला. हिच्यासमोर? जिला पंचवीस वर्षं ऐकवलं, तिच्यासमोर आपण खाली बघायचं?

"आमचे हे देवमाणूस होते," त्या म्हणाल्या. "कुणाचं वाईट चिंतलं नाही. कष्ट केले, पोरं शिकवली." आणि बसल्या.

भिंतीपाशी दर्शना नव्हती. पुऱ्या गरम करायला आत गेली होती.

पंगती उठल्या. पाहुणे गेले. तीन वाजले असतील. स्वयंपाकघरात मोठी पातेली उपडी घालून दर्शना ओटा पुसत होती. शांताबाई दारात आल्या. आत पाऊल टाकायला त्यांना आपल्याच घरात परवानगी लागल्यासारखं झालं.

"जेवलीस?"

"हो."

ती जेवली नव्हती. ताट कोरडं होतं, हे बाईंना दिसत होतं. पण आज कुठल्या तोंडाने म्हणणार?

"दर्शना."

"काय, आई?"

"मी मुद्दाम नाही केलं गं."

दर्शनाने फडकं पिळलं, नळावर वाळत घातलं. मग वळली. रागावलेली असती तर बरं झालं असतं. रागाशी बोलायची शांताबाईंना सवय होती. ती नुसती दमलेली होती.

"माहितेय मला. मुद्दाम केलं असतं तर एवढं लागलं नसतं, आई. मुद्दाम करायला निदान माणूस आठवावं लागतं."

शांताबाईंनी आयुष्यात कुणाचं उधार ठेवलं नव्हतं. शब्दाला शब्द, सुईला सुई. रेशनवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणी त्यांना निरुत्तर केलेलं नव्हतं. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या आणि काही सुचण्याची वाट बघत राहिल्या. तेरा वर्षं ही पोरगी या घरात. तिचा वाढदिवस कधी असतो? फेब्रुवारीत की मार्चमध्ये? तिला मटकी आवडते का? आईबाप कधी येऊन गेले? पेरांवर अंगठा फिरवावा तर मोजायला काहीच नव्हतं.

पावणेचारला विशालने चपला घातल्या. स्वरदा आजीला चिकटून, "मी पण चालले," म्हणून गेली, उड्या मारत. जानकी आतल्या खोलीत आडवी झाली होती, सुयोग टीव्हीवर भूकंप बघत होता.

दर्शना दारात थांबली. विशालला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, रिक्षा थांबवा." तो गेला. मग ती सासूकडे वळली.

"आई, तुम्ही पण चला."

शांताबाईंनी वर बघितलं.

"दोन खोल्या आहेत आणि एक लहान. लहान खोलीला पूर्वेची खिडकी आहे म्हणतात हे. तुम्हाला उजेड लागतो. तुम्हीच बघा, चालेल का नाही ते." ती हे प्रेमाने म्हणाली असंही नव्हतं. कामाचं बोलावं तसं म्हणाली. सकाळपासूनच्या सगळ्यानंतर, केस अजून पुरते वाळले नसताना, तिने सासूसाठी एक खोली मोजली होती.

बाईंचा पाय उचलला गेला होता. चप्पल समोरच होती. एवढंच म्हणायचं होतं, थांब, आले. दोन शब्द. पण मागच्या खोलीत जानकीचा पलंग करकरला, ती ऐकत होती, आणि जिन्यात वरच्या मजल्यावर माणिकचं दार उघडलं, तीही ऐकत असणार. उद्या कॉलनी म्हणणार, सुनेला कोंडलं आणि वर तिच्याच मागे शेपटी हलवत गेली.

"मला कशाला नेता?" त्या म्हणाल्या. "माझं माझ्या नवऱ्याचं घर आहे. तुमचं तुम्ही बघा."

दर्शनाने एक क्षण वाट बघितली. मग मान हलवली, "बरं," आणि जिना उतरायला लागली. घाई नव्हती तिच्या पावलांत. एकेक पायरी नीट ऐकू येत होती.

शांताबाई गॅलरीत आल्या. खाली रिक्षा उभी होती. विशाल पुढे वाकून ड्रायव्हरशी काही बोलत होता. दर्शना बसली, पण रिक्षा लगेच निघाली नाही. तिचा हात बाहेर दिसत होता, दांड्यावर. शांताबाईंचा आवाज या मैदानात कुठूनही कुठेही पोचायचा. भाजीवाल्याला त्या इथूनच भाव विचारायच्या, आणि तो रस्त्याच्या पलीकडून उत्तर द्यायचा. त्यांनी जाळी धरली. तोंड उघडलं.

हात आत गेला. रिक्षा वळली आणि गेटबाहेर गेली.

"बरं केलंस आई," मागून जानकी आली, पदर सावरत. "तोंडावर सांगितलंस ते. नाहीतर उद्या त्यांच्या दारात तुला मोलकरीण करून ठेवलं असतं."

शांताबाई वळल्या नाहीत.

"जानके," त्या म्हणाल्या, "तुझं सामान आवर. तू पण जा आता तुझ्या घरी."